दहा मणी थांबायचं

बाबा, तुमचा वाजवायचा शंख काल सकाळी मी धुतला, पुसला, पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. दार लावलं. पाच मिनिटांनी दार उघडून तो परत बाहेर काढला आणि मुरलीधरासमोर, तुमच्या पाटाजवळ, होता तिथेच ठेवून दिला. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने जाताना पाहिलं, येताना पाहिलं. 

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. मला लिहायला वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. दहावीत निबंध लिहायला बसले की तुम्ही तासाभराने दारातून डोकावायचात. "झाली का वं सुरुवात?" मी मान हलवायचे आणि तुम्ही "बरं बरं, घाई नाही" म्हणून मागच्या पावलांनी जायचात. आजही तसंच आहे. फक्त दारात कोणी नाही.

एक वाक्य मला मागे घ्यायचं होतं. त्यासाठी माझ्याजवळ सात महिने होते. सात महिन्यांत ते झालं नाही, म्हणून हा कागद.

तुमच्याकडे शंख दोन होते, आणि त्यांची गल्लत केलेली तुम्हाला खपत नसे. पाण्याचा शंख पितळेच्या अडणीवर. तो कधी ओठाला लावायचा नाही. वाजवायचा शंख खाली, पाटाजवळ. त्यात कधी पाणी भरायचं नाही. शाळेतली कारकुनी आटोपून तुम्ही संध्याकाळी आपल्या घराला लागून असलेल्या देवळात यायचात आणि गुरुवारी तर ओटा भरलेला असायचा. ज्यांची मुलं बोलत नाहीत अशा आया यायच्या. डोणगावहून, नांदुऱ्याहून, कुठून कुठून जीपने, एसटीने. तुम्ही पाण्याच्या शंखातलं पाणी पळीने मुलाच्या तोंडात सोडायचात. कोणी नोट पुढे केली की हात मागे घ्यायचात. "पाण्याचे पैसे नसतात, माय. नारळ आणला असन तर ठेवा, नसन तर राहू द्या." आणि मग तुमचं ठरलेलं वाक्य. "बोलील. काही पोरं उशिरा बोलतात. माह्या लहान्या भावाचं तोंड पाचव्या वर्षी उघडलं, आता बंद व्हते का?"

आया हसायच्या. हसत हसत परत जायच्या. मी खांबाला टेकून पुस्तक वाचत असायचे, आणि पुस्तकाच्या वरून त्या मुलांकडे बघायचे. त्यातली काही हसायची नाहीत. आई हसते म्हणून आईच्या तोंडाकडे बघायची, पण हसण्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं. काहीतरी चुकतंय एवढंच वाटायचं.

बारावीनंतर मेडिकल मिळालं नाही. मग वाचा आणि श्रवण यांच्या दोषांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो असं समजलं. तुम्हाला समजावून सांगितला, तर तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे गुरुवारचंच काम ना वं? फक्त चार वर्षांचं."

खर्च ऐकून मात्र तुम्ही डोळे उघडलेत. साडेचार लाखांचं कर्ज काढायचं ठरलं. बँकेत साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. या पदवीचं नाव त्यांच्या यादीत सापडेना. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "यात नोकरी लागते का पण?" मी पाठ केलेलं उत्तर काढेपर्यंत तुम्ही बोलून मोकळे. "साहेब, न बोलणारी पोरं तर माह्याच दारात येतात. नोकरी कायले पाह्यजे?" साहेब हसले. माझ्या सहीखाली सहकर्जदार म्हणून तुम्ही सही केलीत, शाळेच्या हजेरीपटावर करायचात तशी, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून.

त्या दिवशी आपण दोघांनी एक चूक केली. शिकत असताना हप्ता नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. आपण समजलो, व्याजही नाही. साडेचार लाखांचा तो कागद तुम्ही देवघरात, पोथीत घडी करून ठेवला होता. चार वर्षांनी आणि वर एक वर्षाने बँकेचं पत्र आलं, त्यावर पाच लाख ऐंशी हजार. तुम्ही ते पत्र घेऊन उन्हात बँकेत गेलात. पोथीतला कागद काढून दाखवलात. "साहेब, हे दुसऱ्या कोनाचं असन. आमचं साडेचारच हाये." तोपर्यंत साहेब बदलले होते. नव्यांनी शांतपणे समजावलं. तुम्ही घरी आलात, पाणी प्यालात आणि आईला म्हणालात, "आपली पोरगी शिकत व्हती तवा व्याजबी शिकत व्हतं."

तुमच्या विनोदांवर मी हसत नसे. हसायला हवं होतं.

तोवर मी संभाजीनगरला कानाच्या यंत्रांच्या एका दुकानात नोकरीला होते. महिना बारा हजार. तुम्हाला फोनवर सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, "काऊन वं रेणू, बारा म्हंजे पहिलेच बारा, का दर महिन्याले बाराच?" दर महिन्याला बाराच, बाबा. हप्ता सात हजार आठशे. राहिलेल्या चार हजार दोनशेत खोली आणि डबा. शेजारच्या काकांनी लेकीचा पगार विचारला तेव्हा तुम्ही "पुष्कळ" म्हणून सांगितलंत. असत्य बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या दिवशी जेवला नाहीत. आईने नंतर मला हे हसत सांगितलं. मी फोन ठेवून रडले.

दुकानाचा मालक वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणायचा, "मॅडम, आधी यंत्र, मग कान." महागडं यंत्र विकलं तर वर काही मिळायचं. एका म्हाताऱ्या आजोबांना नऊ हजारांचं यंत्र पुरेसं असताना मी चाळीस हजारांचं दाखवलं. त्यांच्या मुलाने दोन दिवसांत पैसे उभे करून आणले. आजोबांनी यंत्र लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुहा आवाज गोड हाये वं माय." त्या महिन्याचा हप्ता तारखेच्या आधी गेला. पुढल्या महिन्यात मी राजीनामा दिला. आजोबांची ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "घरी येतं म्हणतं? ये मंग."

चिखलीत स्टँडजवळ खोली घेतली. खाली पिठाची गिरणी. कानाची तपासणी दुपारी दीड ते तीन, गिरणीवाले काका जेवायला गेले की. पाटी तुम्ही स्वतः रंगवलीत. एका बैठकीचे तीनशे रुपये ठरवले, तर आळीतल्या बायका म्हणाल्या, "गोळी नाही, सुई नाही, पोरासंग खेळते आन तीनशे घेते." पहिला महिना एकही मूल आलं नाही. दुसऱ्या महिन्यात दोन. मग चार, सात, दहा. मला वाटलं, मी छापलेल्या पत्रकांमुळे. मला वाटलं, लोक आता शहाणे होत आहेत. आणि गुरुवारी संध्याकाळी घरी आले की ओट्यावर तुम्ही बसलेले असायचात, पळीने पाणी देत.  मी मागच्या दाराने घरात जायचे.

एक दिवस डोणगावची एक बाई आली, मुलीला घेऊन. मुलीचं नाव गौरी, वय पाच. मी तपासलं. जन्मापासून दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. पाच वर्षं. मी तिच्या आईला विचारलं, आधी का नाही दाखवलं? ती म्हणाली, "दोन वर्षांची व्हती तवाच आणली व्हती ना ताई, इथल्या महाराजांकडं. त्याईनं पाणी देलं. म्हणे बोलील. आमी थांबलो."

ज्या वयात भाषा मुलाच्या आत शिरते, ती तीन वर्षं तुमच्या पाण्यात गेली होती.

तो गुरुवार होता. मी गौरीच्या आईला सगळं समजावून पाठवलं, खोली बंद केली आणि सरळ देवळात आले. ओट्यावर आठ-दहा बाया होत्या. तुमच्या हातात पळी होती. मी चपला न काढता पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तुमच्या पाण्याने एका पोरीची तीन वर्षं खाल्ली. बंद करा हा खेळ."

हे ते वाक्य.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग समोरच्या मुलाच्या तोंडाजवळ आलेली पळी हळूच मागे घेतलीत. म्हणालात, "बरं."

एवढंच. भांडला असतात तर मी भांडले असते. माझ्याकडे चार वर्षांचं ज्ञान होतं, पाच लाख ऐंशी हजारांचं. तुम्ही पाण्याचा शंख पालथा घातलात, बायांना हात जोडलेत आणि घरात जाऊन बसलात. पुढच्या गुरुवारी ओट्यावर कोणी आलं तर आई सांगायची, "पाणी बंद झालं, बाई."

नंतरच्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडची मुलं कमी होत गेली. जुनी येत होती, नवं एकही नाही. मला वाटलं दर जास्त आहे. तीनशेचे दोनशे केले. तरी कोणी नाही. दोन हप्ते चुकले. तिसऱ्या महिन्यात तुमच्या पेन्शनच्या खात्यातून ते दोन्ही हप्ते परस्पर वळते झाले. तुम्ही पासबुक छापून आणलंत, पाहिलंत आणि पोथीखाली ठेवलंत. मला सांगितलं नाहीत. मला ते आठ दिवसांनी दिसलं, पोथीवरची धूळ पुसताना. आईचा नवा चष्मा "पुढच्या महिन्यात पाहू" असा का झाला होता, तेही तेव्हाच कळलं.

चौथ्या महिन्यात संतोषभाऊ आले. तुम्हाला आठवतील. नांदुऱ्याजवळचे, वांगी-टमाटे लावणारे. बैठकीच्या दिवशी पैशांसोबत वांग्यांची पिशवीही देणारे. मुलाला माझ्यासमोर बसवून त्यांनी विचारलं, "मॅडम, महाराज आता शंख काऊन वाजवत नाहीत? आमच्या गावची बाई पोराले घेऊन गेली व्हती. तशीच वापस आली."

मी म्हटलं, "पाणी बंद केलं त्यांनी."

"पाण्याचं नाही सांगून राह्यलो. वाजवायचा शंख."

मला कळेना. तेव्हा ते सांगू लागले आणि मी हातातलं चित्रांचं पुस्तक मिटून ठेवलं.

"आमी आलो ना, तर महाराजांनी आधी पाणी देलंच नाही. पोराच्या म्होरं तांदळाचं ताट ठेवलं, खेळाले. आन स्वतः मांगं गेले, खांबाच्या आड. तिथून शंख वाजवला. माह्या पोरानं पाह्यलं. मंग लहानी घंटी वाजवली, तवा पाह्यलंच नाही. मंग अगदी हळू म्हणले, पेढा पाह्यजे का? तरी नाही. मंग माह्यापाशी बसले. म्हणे, पाणी देतो, पन पाण्यानं कान उघडत नाहीत. माही पोरगी स्टँडपाशी बसते. तिच्याकडं आजच जा, उद्या नोको. तीनशे घेते. द्या. घासाघीस करू नका."

बाबा, पदवीच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीत मी परीक्षेची तयारी घरी करत होते. तुम्हाला पाटावर बसवून मागून घंटी वाजवत होते, कागद चुरगाळत होते, कुजबुजत होते. मुलाला कळू न देता मागून आवाज करायचा आणि ते वळतं का बघायचं, मोठ्या आवाजाकडून लहान आवाजाकडे जायचं, हे सगळं मी तुमच्यावर घोकलं. मग पालकांना काय सांगायचं तेही म्हणून दाखवलं: प्रश्न विचारला की थांबा. मनात दहा मोजा. मुलाच्या वतीने उत्तर देऊ नका.

"दहा लई होतात वं," तुम्ही म्हणालात. "तुही आई तीनवरच बोलते."

आतून आई. "तुमी उत्तरच देत नाही तं मी काय वाट पाहू?"

तुम्ही गळ्यातली तुळशीची माळ काढलीत. "मोजता मोजता चुकीन मी. दहा मणी. हे सोपं." आणि मला विचारलंत, "रेणू, चहा करतं का?" आणि एकेक मणी ओढू लागलात. मी हट्टाने सातव्या मण्यापर्यंत गप्प राहिले. आपण तिघं केवढे हसलो होतो.

हसणं थांबल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "मंग जे पोरगं मांगून घंटी वाजवली तरी पाहत नाही, त्याले पाणी देऊन काय होईन?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "काही होणार नाही, बाबा." तुम्ही माळ गळ्यात घातलीत आणि देवळात गेलात. मी विसरले. तुम्ही विसरला नाहीत. त्या दिवाळीपासून खांबाच्या आडून शंख वाजू लागला. गौरी त्या दिवाळीच्या आधी येऊन गेली होती.

हे तुम्ही त्या गुरुवारी ओट्यावर सांगू शकला असतात. एका वाक्यात.

संतोषभाऊंनी सांगितलं त्या संध्याकाळी मी लवकर घरी आले. तुम्ही अंगणात झेंडूची फुलं वेगळी करत बसला होतात, डाग पडलेली एका बाजूला. मी तुमच्याशेजारी बसले. माझं वाक्य तयार होतं. रस्ताभर म्हणत आले होते. बाबा, माझं चुकलं, शंख वाजवा. तुम्ही वर बघितलंत आणि थांबलात. मला आता वाटतं, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही फुलं बाजूला ठेवून नुसते थांबलात, मी कुठल्याही आईला सांगते तसे, तोंडात शब्द न घालता.

मी म्हणाले, "चहा घेता का?"

माझा अहंकार म्हणा. माझी पदवी, माझं कर्ज, माझी पाटी, आणि मुलं मात्र तुमच्या शंखाने पाठवलेली, हे गिळायला जड गेलं. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप होता. मग पाहुणे. मग मी आठवड्यातले तीन दिवस बुलढाण्याला एका दवाखान्यात जाऊ लागले, हप्ता पुन्हा सुरू झाला, आणि ते सांगायची निकड आपोआप मागे पडली. आईने मला परवा सांगितलं. तिने तुम्हाला दोनदा म्हटलं होतं की शंख तरी सुरू करा. तुम्ही म्हणालात, "तिनं बंद म्हटलं. तिनंच सुरू म्हणावं. मी थांबतो." सात महिने थांबलात. सात महिन्यांत असे दहा-दहा मणी किती होतात, बाबा?

आणि दवाखान्यातली ती शेवटची दुपार. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तुम्ही हाताने तो बाजूला सारू बघत होतात. ओठ हलत होते. वाचा हाच ज्या बाईचा धंदा, तिने तुमचा हात धरला आणि म्हटलं, "बोलू नका बाबा, त्रास होईल." तुम्ही तरी ओठ हलवलेत. मी थांबले नाही. मी तुमच्या वतीने बोलले. "आईची काळजी करू नका, मी आहे ना." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, त्या गुरुवारी बघितलं होतंत तसंच, आणि डोळे मिटलेत. तुम्हाला आईबद्दल काही म्हणायचं होतं का? कर्जाबद्दल? की नुसतं पाणी हवं होतं? मुलाचं वाक्य पूर्ण करणाऱ्या आयांना मी किती कडक बोलते, विचारा कोणालाही.

तेराव्याला गौरीची आई आली. गौरीच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. ती हात लावून लावून बघत होती, अजून सवय नाही. मी त्या गुरुवारी तपासणी करून सगळं समजावून पाठवलं होतं, पण मग त्या परत आल्याच नव्हत्या. मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवून मोकळी झाले होते. "महाराजच आले व्हते ताई घरी," ती म्हणाली. "पाणी बंद झालं त्याच आठवड्यात. एसटीनं, तुमच्या वहीतला पत्ता पाहून. आमी खाटेवर बसा म्हटलं तर बसले नाहीत, उंबऱ्यापाशी बसले. म्हणे, माय, माह्यं चुकलं. मले ठाऊक नव्हतं, पन चुकलं. मंग तीनदा आमच्यासंग बुलढाण्याले आले, सरकारी यंत्रासाठी. रांगेत उभे राह्यले. आमाले म्हणे, रेणूले सांगू नका, तिले वाटीन म्या तिच्या बोलण्याचं वाईट वाटून केलं."

गौरी तुमच्या फोटोसमोर उभी होती. तिने हाताने शंख धरल्यासारखं केलं, गाल फुगवले आणि आईकडे वळून बघितलं. तिच्या भाषेत ते तुमचं नाव असावं. बुलढाण्याच्या रांगेत तुम्हीच शिकवलं असणार.

तुम्ही एका परक्या उंबऱ्यावर बसून तीन शब्द बोलू शकलात. मी तुमच्या शेजारी, आपल्या अंगणात बसले होते.

मंगळवारी बँकेत गेले होते. कर्जाच्या कागदावरून तुमचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. खिडकीमागच्या मुलीने जुनी फाईल काढली. माझी सही, खाली तुमची, लांब शेपटीची. तिने तुमच्या नावासमोर लाल शाईने 'मयत' लिहिलं आणि विचारलं, "दुसरा सहकर्जदार देता का, मॅडम?" मी म्हटलं, "नाही. एकटीच फेडते." अजून सहा वर्षं आहेत. त्या फाईलवर तुमचं नाव आहे म्हणून मी हप्ता चुकवणार नाही, एवढं मात्र खरं. नाव खोडलंय, पण वाचता येतं.

आणि काल गुरुवार होता. सकाळची पूजा चुलतभाऊ करून जातो. संध्याकाळचा दिवा मी लावते. दिवा लावत होते तेवढ्यात एक बाई आली, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी.

"महाराज नाहीत का?"

"नाहीत."

"कवा येतील?"

मी वात पुढे सारली. आई ओट्यावरून म्हणाली, "गेले ते, बाई. सतरा दिवस झाले."

बाई कडेवरची मुलगी सावरत उभी राहिली. पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "मंग पाणी?"

बाबा, मी पाटाजवळचा शंख उचलला. सकाळी कपाटातून परत काढला होता तो. मी खांबाकडे वळले, आणि वळून बघते तर आईने उठून मुलीपुढे तांदळाचं ताट ठेवलेलंही होतं. मूठभर तांदूळ उचलून ती ताटात सोडत होती, मुलीचं लक्ष गुंतवत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तुमच्या इतक्या गुरुवारी ताट कोण धरत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी शंख ओठाला लावला. नुसती हवा गेली. पुन्हा लावला, पुन्हा हवा. तुम्ही मला हे शिकवलं नाहीत, मी शिकवा म्हटलं नाही. तिसऱ्यांदा काहीतरी फाटका आवाज निघाला, वासरू हंबरावं तसा. मुलगी गर्रकन वळली आणि खळखळून हसली. मग मी घंटी वाजवली. वळली. मग अगदी हळू म्हटलं, "पेढा पाहिजे का?" तिने वळून तळहात पुढे केला.

ऐकू येतंय, बाबा. छान ऐकू येतंय. बोलत का नाही ते वेगळं, ते शोधावं लागेल. पण कान ठीक आहेत.

पेढा नव्हता. खडीसाखर दिली. मग पालथा घातलेला पाण्याचा शंख सरळ केला, धुतला, अडणीवर ठेवून भरला आणि पळीने मुलीच्या तोंडात थोडं पाणी सोडलं.  मी तिच्या आईला सांगितलं की पाण्याने बोलणं येत नाही, सोमवारी स्टँडजवळ माझ्या खोलीवर या. तिने कंबरेची पिशवी सोडली. "पाण्याचे किती?"

"पाण्याचे पैसे नसतात. तिथे तीनशे घेते."

"काही कमी नाही व्हनार का, ताई?"

मी तोंड उघडणार तोच आई तांदूळ गोळा करता करता म्हणाली, "घासाघीस करू नका."

त्या गेल्या. आई आत गेली, आणि आतून बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. मी पायरीवर बसले. चपला काढून. तुमची तुळशीची माळ मी हल्ली ओंजळीत धरून बसते. समोर तुमचा पाट होता. मी मोठ्याने म्हटलं. ओटा रिकामा होता, तरी मोठ्याने म्हटलं. "बाबा, माझं चुकलं. शंख वाजवा."

मग, धंद्याची सवय, मी काही न बोलता थांबले आणि मणी ओढू लागले.

दहा झाले, बाबा. माळेत अजून अठ्ठ्याण्णव आहेत.